दुखणे एकीकडे, कारण दुसरीकडे : अर्बुदजन्य अस्थिमृदुतेची ओळख



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानासाठी वैद्यकातील विषय निवडावा, याचे आपणांस आश्चर्य वाटले असेल. संयोजकांनाही ते वाटले. मी संतवाङ्मयावर किंवा माळव्यातील मराठीवर बोलावे अशी त्यांची स्वाभाविक अपेक्षा होती. परंतु ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आम्हांला भाषा नव्हे, विज्ञान शिकविले. प्रयोगाच्या शेवटी एखादा पदार्थ वजनात कमी भरला आणि एखाद्या मुलाने "सर, नाहीसा झाला" असे म्हटले की ते शांतपणे विचारीत, "नाहीसा होत नसतो. गेला कुठे, ते सांग." पन्नासहून अधिक वर्षांनंतर, २०१७ साली, हाच प्रश्न एका तरुण डॉक्टरांनी माझ्या पत्नीच्या रक्ताचा अहवाल पाहून विचारला. ते डॉक्टरही याच शाळेचे विद्यार्थी. त्या एका प्रश्नाने पाच वर्षांचे दुखणे उलगडले. म्हणून आजचा विषय.

मी वैद्य नाही. जे सांगणार आहे ते रुग्णाच्या शेजारी बसून, विचारून आणि वाचून शिकलेले आहे. हा मजकूर त्या डॉक्टरांनी तपासून दिला आहे; भाषेतील दोष मात्र माझे आहेत.

बदललेला एक शब्द

२०१२ सालच्या पावसाळ्यात पत्नीच्या टाचा दुखू लागल्या. मग दुखणे घोट्यांत, खुब्यांत आणि बरगड्यांत आले. कूस बदलताना ती कण्हत असे. पाटावर बसली की हाताचा आधार घेतल्याशिवाय तिला उठता येईना. चाल बदकासारखी डुलती झाली. तिसऱ्या वर्षी तिने एक विलक्षण गोष्ट सांगितली : "अहो, माझ्या साड्या लांब होऊ लागल्यात." मी हसलो. साड्या लांब होत नव्हत्या. पाठीचे मणके दबून तिची उंची कमी होत होती.

या काळात आम्ही अनेक दवाखाने पालथे घातले. प्रथम 'वात' म्हणून उपचार झाले, पुढे संधिवात म्हणून. नंतर हाडांची घनता मोजली, ती कमी निघाली. तेव्हा 'ऑस्टिओपोरोसिस' हे नाव मिळाले आणि त्याची औषधे सुरू झाली. दुखणे वाढतच गेले, तेव्हा एका ठिकाणी मनाच्या आजाराची औषधे लिहून देण्यात आली. मी कोणालाही दोष देत नाही, कारण सर्वांत मोठी चूक माझीच होती. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी "काय दुखते?" असे विचारले. ती म्हणाली, "हाडं दुखतात." मला तो शब्द अडाणी वाटला. जन्मभर मुलांचे निबंध तपासण्याची खोड! मी मध्येच म्हणालो, "म्हणजे तिला सांधेदुखी आहे." कागदावर 'सांधेदुखी' असे लिहिले गेले आणि पुढच्या प्रत्येक दवाखान्यात तोच कागद गेला. ती बिचारी सांगत राहिली, "सांधे नाही हो, हाडं." शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने रुग्णाचा नेमका शब्द खोडून तेथे आपला घातला होता.

हाड दुखणे आणि सांधा दुखणे यांत वैद्यकाच्या दृष्टीने फार अंतर आहे. सांध्याचा रोग सांध्यापाशी सूज, जखडलेपणा दाखवितो. हाडेच मऊ पडली असतील तर दुखणे खोल, पसरलेले, दाबल्यावर बरगडीला किंवा नडगीलाही जाणवणारे असते. हा फरक तिने अचूक सांगितला होता.

हाड कसे मऊ पडते

हाड म्हणजे दगड नव्हे. त्याची घडण सिमेंटच्या स्लॅबसारखी असते. आत लोखंडी सळयांप्रमाणे प्रथिनांच्या तंतूंची जाळी असते, आणि तीत कॅल्शियम व फॉस्फेट यांचे स्फटिक बसून तिला कठीणपणा येतो. शिवाय हे बांधकाम कधीच संपत नाही. जुने हाड झिजविले जाते आणि नवे घातले जाते, असे आयुष्यभर चालते. ऑस्टिओपोरोसिसमध्ये बांधकामच विरळ होते, पण जेवढे असते तेवढे पक्के असते. अस्थिमृदुतेत, म्हणजे ऑस्टिओमलेशियात, जाळी विणली जाते परंतु तीत खनिज भरलेच जात नाही. नवे हाड लवचीक राहते, वाकते, त्याला बारीक तडे जातात. वाढत्या मुलांत हाच प्रकार झाला तर आपल्या आज्या त्याला 'मुडदूस' म्हणत.

घनता मोजणाऱ्या यंत्राला हाड विरळ आहे की कच्चे आहे हे ओळखता येत नाही. ते दोन्ही ठिकाणी 'कमी' एवढेच सांगते. तेथेच फसगत होते. आणि ही फसगत निरुपद्रवी नाही, कारण ऑस्टिओपोरोसिसची काही औषधे अस्थिमृदुतेच्या रुग्णाला अपायकारक ठरू शकतात.

आपल्या देशात हाडे मऊ पडण्याचे नेहमीचे कारण 'ड' जीवनसत्त्वाची कमतरता हे आहे, आणि ते योग्य मात्रेत दिले की बहुतेक रुग्ण सुधारतात. माझ्या पत्नीला ते भरपूर देऊनही गुण नव्हता. कारण तिच्या शरीरात खनिजाचा जो दुसरा घटक, फॉस्फेट, तोच टिकत नव्हता.

फॉस्फरसचा हिशोब

फॉस्फरस या मूलद्रव्याचा इतिहास मनोरंजक आहे. १६६९ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे हेनिग ब्रांड नावाचा किमयागार सोन्याच्या शोधात मानवी मूत्र आटवीत बसला होता. सोने मिळाले नाही. अंधारात चमकणारा एक पदार्थ हाती लागला. 'प्रकाश वाहून आणणारा' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला फॉस्फरस हे नाव मिळाले. पुढे सुमारे शंभर वर्षांनी स्वीडनमधील गान आणि शेले यांनी हाच पदार्थ हाडांत असल्याचे दाखविले. मूत्र आणि हाड : आजच्या रोगाची दोन टोके त्या इतिहासातच आहेत.

शरीरातील सुमारे ८५ टक्के फॉस्फरस हाडांत आणि दातांत असतो. थोडासा रक्तातून फिरतो. प्रौढ माणसाच्या दर डेसीलिटर रक्तद्रवात तो साधारणतः २.५ ते ४.५ मिलिग्रॅम असावा लागतो. मूत्रपिंडे दररोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. त्याबरोबर फॉस्फेटही गाळले जाते. मात्र तेथील सूक्ष्म नलिका त्यातील बहुतांश, ८० ते ९० टक्के, परत शोषून रक्तात पाठवितात. किती परत घ्यायचे आणि किती सोडायचे याची आज्ञा काही संप्रेरके देतात. त्यांतील एक प्रमुख संप्रेरक हाडांतील पेशीच तयार करतात. त्याचे नाव एफजीएफ-२३. रक्तात फॉस्फेट जास्त झाले की हाडे हा निरोप पाठवितात, "आता थोडे जाऊ द्या," आणि मूत्रपिंडे त्याप्रमाणे वागतात.

या रोगात शरीरात कोठेतरी एक लहानशी गाठ, अर्बुद, तयार होते आणि तिच्या पेशी तेच संप्रेरक अखंड निर्माण करू लागतात. जणू हाडांच्या नावाने कोणी खोटी पत्रे धाडीत आहे! मूत्रपिंडांना ही लबाडी कळत नाही. ती आज्ञाधारकपणे फॉस्फेट बाहेर टाकीत राहतात. एवढ्यावर हे थांबत नाही. 'ड' जीवनसत्त्वाला कामाचे रूप देण्याचे कार्यही मूत्रपिंडेच करतात, आणि हे संप्रेरक त्यालाही आळा घालते. त्यामुळे आतड्यांतून नवे खनिज पुरेसे शोषले जात नाही. जमा आटते आणि खर्च वाढतो. स्नायूंना ऊर्जेसाठी फॉस्फेट हवे असते. ते न मिळाल्याने मांड्या आणि खांदे दुबळे होतात. पाटावरून उठता न येणे आणि डुलती चाल यांचे मूळ येथे होते.

रक्तातील कॅल्शियम मात्र बहुधा ठीक असते. त्यामुळे "कॅल्शियम तर बरोबर आहे" असे ऐकून सर्वांचे समाधान होते. फॉस्फरस मोजायला फार खर्च येत नाही, पण नेहमीच्या तपासण्यांत तो पुष्कळदा नसतो. जे मोजले नाही ते कमी असल्याचे कळणार कसे? पाच वर्षांत पत्नीच्या तपासण्यांचे कागद दोन फायलींत मावेनात, पण त्यांत फॉस्फरसचा आकडा एकदाही नव्हता. आपल्या शाळेच्या त्या विद्यार्थ्याने तो मागविला. १.३ आला. लघवीत मात्र फॉस्फेट भरपूर जात होते. त्यांनी कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "सर, हा जातोय कुठे ते कळले, आता कोण घालवतोय ते शोधायचे." मला आपल्या सरांचा प्रयोगशाळेतील आवाज ऐकू आला.

शोधाचा मार्ग

हे ज्ञान टप्प्याटप्प्याने आले. १९४७ साली इंग्लंडमधील मॅकॅन्स यांनी एका तरुण मुलीचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. 'ड' जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत देऊनही तिची हाडे सुधारत नव्हती. मांडीच्या हाडातील गाठ काढल्यावर ती पूर्ण बरी झाली. त्यांनी घटना नोंदविली, परंतु गाठीशी तिचा कार्यकारणसंबंध जोडला नाही. तो जोडला १९५९ साली स्वित्झर्लंडचे बालरोगतज्ज्ञ आंद्रेआ प्रेडर यांनी. साडेअकरा वर्षांच्या एका मुलीला एकाएकी तीव्र मुडदूस झाला. तिच्या बरगडीवर गाठ होती. ती काढताच मुडदूस गेला. ही गाठच काहीतरी द्रव्य रक्तात सोडीत असावी, असा तर्क त्यांनी मांडला. ते द्रव्य हाती लागायला आणखी चार दशके लागली. २००० साली आनुवंशिक मुडदूस असलेल्या काही कुटुंबांच्या अभ्यासातून एफजीएफ-२३ च्या जनुकाकडे लक्ष वेधले गेले, आणि २००१ साली जपानी संशोधकांनी अशा गाठींतून तेच संप्रेरक निघत असल्याचे सिद्ध केले. २०१५ साली यांपैकी बऱ्याच गाठींत दोन जनुके चुकीने एकमेकांना जोडली गेल्याचेही दिसून आले.

जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत अशा रुग्णांची नोंद थोडीच आहे. त्यांत भारतातील रुग्णही आहेत. मुंबई, चंडीगढ, वेल्लोर येथील संस्थांनी त्यांचे अनुभव प्रसिद्ध केले आहेत. रोग दुर्मिळ खरा, परंतु जो रोग शोधला जात नाही तो आहे त्याहून अधिक दुर्मिळ भासतो.

'संपूर्ण शरीर' म्हणजे किती?

रोगाचे नाव कळले तरी गाठ सापडणे ही वेगळी परीक्षा असते. या गाठी बहुधा लहान, सावकाश वाढणाऱ्या आणि न दुखणाऱ्या असतात. बहुतेक कर्करोगाच्या नसतात. त्या डोक्यापासून पायापर्यंत कोठेही असू शकतात : नाकाच्या पोकळ्यांत, जबड्यात, मांडीत, तळपायात, कधी हाडात, कधी मऊ भागात.

आमची एक तपासणी एका मोठ्या शहरात झाली. तिचे नाव 'होल बॉडी स्कॅन'. अहवालात लिहिले होते की संपूर्ण शरीरात काही आढळले नाही. आम्ही खचलो. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी विचारले, "पायांची छायाचित्रे घेतली होती का?" चित्रे पाहिली तर ती मांडीच्या मध्यावर संपलेली! नेहमीच्या रोगांसाठी कवटीच्या तळापासून मांडीपर्यंतच्या तपासणीलाच 'संपूर्ण शरीर' म्हणण्याचा प्रघात आहे. या रोगासाठी मात्र डोक्यापासून पायांच्या बोटांपर्यंत, हातांसह, सारे शरीर तपासावे लागते. शब्द पूर्ण होता, अर्थ अर्धा होता.

मग मुंबईला दुसरी तपासणी झाली. या गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या संप्रेरकाचे ग्राही असतात. त्यांना चिकटणारा, किंचित किरणोत्सर्गी असा गॅलियम-६८ डोटाटेट नावाचा पदार्थ शिरेतून देतात आणि तो कोठे साठतो ते पेट-सीटी यंत्राने पाहतात. पत्नीच्या चित्रात एकच ठिपका उजळला. तो डाव्या तळपायात होता. वाटाण्याएवढी ती गाठ आम्हांला ठाऊक होती! सहा-सात वर्षे आम्ही तिला कुरूप समजत होतो. औषधाच्या दुकानातून कुरूपाच्या पट्ट्या आणून मीच त्यावर लावल्या होत्या. बरगड्या आणि खुबे यांच्या दुखण्याचा तळपायातील कुरुपाशी संबंध असेल, ही कल्पना आमच्यापैकी कोणाच्याही मनाला शिवली नाही, आणि म्हणून ते कोणत्याही डॉक्टरांना सांगितलेही नाही.

उपचार आणि उतार

२०१८ च्या जानेवारीत शस्त्रक्रिया झाली. अशी गाठ काढताना सभोवतालचा थोडा निरोगी भागही काढावा लागतो, कारण अंश राहिला तर ती पुन्हा वाढू शकते. गाठ पूर्ण निघाली की संप्रेरकाची पातळी झपाट्याने उतरते आणि फॉस्फरस काही दिवसांतच सावरतो. आठव्या दिवशी पत्नीचा आकडा ३.१ आला. पाच वर्षे जो कोणत्याही औषधाने हलला नव्हता, तो वाटाण्याएवढी गाठ निघताच मुक्कामी आला. हाडांचे काम मात्र सावकाशीचे असते. रिकाम्या राहिलेल्या जाळीत खनिज भरायला महिने लागतात. तिला काठी सोडायला दहा महिने लागले. गेलेली उंची परत आली नाही. साड्या अजूनही लांबच आहेत.

ज्यांची गाठ सापडत नाही किंवा काढता येण्याजोगी नसते, त्यांनाही आता आधार आहे. दिवसातून अनेक वेळा विभागून फॉस्फेट आणि त्याबरोबर 'ड' जीवनसत्त्वाचे तयार, कार्यक्षम रूप देण्याचा उपचार जुना आहे. त्यात रक्ताच्या आणि मूत्रपिंडांच्या तपासण्या वारंवार कराव्या लागतात. एफजीएफ-२३ ला थेट निष्प्रभ करणारे बुरोसुमॅब नावाचे प्रतिपिंड अमेरिकेत २०२० साली या रोगासाठी मान्य झाले. ते फार महाग आहे. म्हणूनच गाठ शोधणे आणि पूर्णपणे काढणे यालाच पहिले स्थान आहे.

काय ध्यानी धरावे

घरी जाऊन प्रत्येकाने तळपाय चाचपावेत म्हणून हे सांगितलेले नाही. बहुतेकांच्या अंगदुखीची कारणे साधी असतात आणि बहुतेक कुरुपे कुरुपेच असतात. परंतु हाडे दीर्घकाळ दुखत असतील, लहानसहान धक्क्याने अस्थिभंग होत असतील, बसल्या जागेवरून उठता येत नसेल आणि 'ड' जीवनसत्त्व देऊनही उतार नसेल, तर "फॉस्फरस पाहिला आहे का?" एवढे डॉक्टरांना नम्रपणे विचारावे. आकडा कमी आला तर तो लघवीतून जातो आहे का, घराण्यात असा विकार आहे का, याचा शोध तज्ज्ञ घेतात. काही औषधांनीही फॉस्फरस घटतो. म्हणून चालू आणि पूर्वीच्या सर्व औषधांची यादी जवळ ठेवावी. अंगावर कोठेही गाठ असेल, कितीही क्षुल्लक वाटो, ती दाखवावी.

दुसरी गोष्ट नातेवाइकांसाठी. रुग्णाबरोबर जरूर जावे, पण त्याच्या वतीने बोलू नये. त्याचा शब्द गावंढळ वाटला, चुकीचा वाटला, तरी तो तसाच डॉक्टरांच्या कानी पडू द्यावा. 'हाडं दुखतात', 'साड्या लांब झाल्या', 'पाटावरून उठवत नाही' : पाठ्यपुस्तकात पानभर लिहिलेली लक्षणे माझ्या पत्नीने या तीन वाक्यांत सांगितली होती. ऐकणारे आम्ही त्यांचे भाषांतर करीत बसलो. आजाराला नाव मिळाले की आपल्याला हायसे वाटते, आणि तेथेच शोध थांबतो. वात, वय, मन ही नावे तर इतकी सैल आहेत की त्यांत काहीही मावते. गुण येत नसेल तर नाव पुन्हा तपासावे, हे आपल्या सरांच्या शिकवणीला धरूनच आहे.

हे व्याख्यान लिहून झाल्यावर मी प्रथम पत्नीला वाचून दाखविले. तिने शांतपणे ऐकले आणि एकच दुरुस्ती सुचविली. गाठ उजव्या तळपायात होती असे मी लिहिले होते. ती म्हणाली, "अहो, डावा." ती दुरुस्ती मी केली आहे.